कोल्हापुरात बसून गेम बनवायची आणि त्यावर घर चालवायचं, तर

भावांनो, नोकरी सोडायच्या आधी कागद-पेन घ्या. स्टीमवर (कॉम्प्युटरच्या गेम विकणारं ऑनलाइन दुकान) एक गेम टाकायला 100 डॉलर भरायला लागतात, गेमनं 1000 डॉलरचा धंदा केला की ते परत मिळतात. पुढं प्रत्येक विक्रीत स्टीम 30 टक्के कापतंय, वर रिफंड आहेत (घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असलं तर गिऱ्हाईक पैसे परत मागतंय), सेल लावला की किंमत अजून खाली. म्हणून 500 च्या गेममागं हातात 250 येतील असं धरा, म्हणजे महिन्याला 25 हजार पाहिजेत तर वर्षाला 1200 कॉप्या. राजारामपुरीत भाड्यानं राहात असाल तर जास्तच.

त्यामुळं गेम छोटी. आपल्याकडं पहिली आयडिया खासबागेतल्या कुस्तीची येणारच, चांगलीय की, पण तालीम, खुराक, गावोगावची मैदानं, स्टोरी मोड, ऑनलाइन सगळं घालत बसला तर वर्षं जातील आणि गेम काय निघायची नाही. दोन पैलवान, चार-पाच डाव आणि पकड सोडवायचं टायमिंग, एवढंच असं करा की माणूस परत खेळंल. इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गोडो घ्या, फुकट आहे, कमाईत वाटा मागत नाही. डेमो मित्राच्या हातात द्या आणि मागं गप्प उभं राहून बघा, समजावून सांगायचं नाही, तो कुठं अडकतोय तेच तुमचं काम.

स्टीमवरचं स्टोअर पेज गेम अर्धी असतानाच काढा, कारण विशलिस्ट (पुढं घ्यायची म्हणून गेम यादीत टाकून ठेवणारे लोक) गोळा व्हायला वेळ लागतोय आणि लाँचला त्याच लोकांना मेल जातो. पेज इंग्रजीत, पण धोबीपछाडला धोबीपछाडच म्हणा. ट्रेलरमध्ये आधी डाव दाखवा, लोगो नंतर (लोगो कोण बघतंय?). नेक्स्ट फेस्टमध्ये (स्टीमचा येणाऱ्या गेमांच्या डेमोंचा मेळा) एका गेमला एकदाच जाता येतं, कच्चा डेमो घेऊन घुसू नका.

स्टीमचा टॅक्सचा फॉर्म भरताना पॅन टाकून भारत-अमेरिका कराराची सवलत मागा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर 15 च्या जागी 30 टक्के कापतात. बाकी जीएसटीचं सीएला विचारा.

तोवर बाहेरची कामं घ्या, वेबसाइट, आर्ट, कुणाची गेम दुसऱ्या मशीनवर चालंल अशी करून देणं (पोर्टिंग), जे मिळंल ते. आणि जूनमध्ये विकलेल्याचे पैसे जुलैच्या शेवटाला येतात, तेवढे दिवस काढायची सोय आधीच करून ठेवा.