डॉग ट्रेनर म्हणून घर चालवायचं असेल तर काम कसं बसवायचं

कुत्री खूप आवडतात, डॉग ट्रेनर व्हायचंय, पण यात पोट भरतं का, असं विचारणारे मेसेज मला सतत येतात. भरतं. मी पुण्यात हेच काम करते आणि घर त्यावर चालतं. पण सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की या कामाचा दिवस अख्खा नसतो, त्याचे फक्त दोन तुकडे असतात. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधल्या वेळात लोक ऑफिसला, मुलं शाळेत, आणि मार्च ते जून दुपारी डांबर इतकं तापतं की कुत्र्याला खाली नेणं म्हणजे पंजे भाजणं (हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही). म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ धरून दिवसाला पाच सेशन, ओढूनताणून सहा.

आता हिशोब करा. पाच सेशन, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० सेशन. एका सेशनचे ६०० रुपये धरले तर ७८ हजार होतात, पण हे सगळं गच्च भरलेलं असेल तर, आणि तसं कधीच नसतं. पाहुणे येतात, कुत्र्याला जुलाब होतात, साहेब अचानक टूरवर जातात, पाऊस पडतो. पहिल्या वर्षी निम्मे स्लॉट भरतील असं धरून चाला, म्हणजे ३९ हजार, त्यातून पेट्रोल, ट्रीट (बक्षीस म्हणून द्यायचा खाऊ) आणि फोनचा खर्च वजा. म्हणून हातातली नोकरी लगेच सोडू नका, आधी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं करून बघा. ६०० हा आकडा मी हिशोबासाठी घेतलाय, तुमच्या भागात काय चालतं ते दोनचार ट्रेनरना आणि जवळच्या व्हेटना (प्राण्यांच्या डॉक्टरांना) विचारूनच ठरवा, आणि सगळ्यात स्वस्त व्हायच्या नादाला अजिबात लागू नका.

शिकायचं कुठे? आपल्याकडे डॉग ट्रेनर व्हायला कुठलं सरकारी लायसन लागत नाही, कोणीही उठून कार्ड छापू शकतो आणि छापतातही, म्हणूनच तुम्ही नीट शिकून आलं पाहिजे. सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे एखाद्या चांगल्या ट्रेनरच्या हाताखाली राहणं, सुरुवातीला नुसतं बघणं, लीश (कुत्र्याला बांधायची दोरी) धरणं, मालक काय बोलतात ते ऐकणं. ट्रेनर चांगला की वाईट हे ओळखायला एकच प्रश्न विचारा, कुत्र्यानं चुकीचं केलं तर तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेनचा (ओढली की गळा आवळणारी साखळी) झटका, काठी, नाहीतर 'त्याला बॉस कोण ते दाखवायचं' असलं काही आलं तर तिथून निघा. त्याच्या जोडीला शेल्टरमध्ये व्हॉलंटियर करा, तिथे सगळ्या वयाची, सगळ्या स्वभावाची इंडी, म्हणजे देशी, कुत्री बघायला मिळतात आणि घाबरलेलं कुत्रं कसं दिसतं ते तिथे जितकं कळतं तितकं कोर्समध्ये कळत नाही. कोर्स करायचाच असेल तर कॅरन प्रायर अकॅडमीचे ऑनलाइन कोर्स आहेत, पुढे अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या ट्रेनरना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सीपीडीटी-केए ही परीक्षा देता येते, तिला बसायलाच आधी ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव लागतो. क्लायंट सर्टिफिकेट फारसं विचारत नाहीत हे खरंय, पण अभ्यासामुळे तुमचा हात सुधारतो.

आर्मी आणि पोलिसातून रिटायर झालेले काही हँडलरही हे काम करतात. मेरठचं आर्मीचं आरव्हीसी सेंटर, टेकनपूरचं बीएसएफचं डॉग ट्रेनिंग सेंटर, या ठिकाणच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथलं कुत्रं कामासाठी निवडलेलं असतं आणि त्याचा हँडलर कायम त्याच्यासोबत असतो. टू बीएचकेमधला लॅब (लॅब्रॅडॉर), ज्याला दिवसातून दोनदा वीस मिनिटं खाली नेतात आणि बाकी वेळ सोफ्यावर ठेवतात, त्याचा प्रश्न वेगळा आहे.

मारण्याबद्दल मी स्पष्टच सांगते. प्राण्याला मारणं, छळणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी कामाच्या दृष्टीनंही ते वाईट आहे. गुरगुरलं म्हणून फटका दिला तर कुत्रं गुरगुरणं बंद करतं, आतली भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस ते काही न सांगता चावतं. अमेरिकेतल्या व्हेटर्नरी बिहेवियर तज्ज्ञांच्या एव्हीएसएबी या संघटनेनं २०२१ मध्ये सरळ भूमिका घेतली की सगळ्याच कुत्र्यांना, अगदी आक्रमक असलेल्यांनासुद्धा, बक्षीस देऊन शिकवायचं. म्हणून 'सिट' आणि 'शेकहँड' शिकवायच्या आधी कुत्रं वाचायला शिका. भूक नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदम ताठ होऊन थांबणं. शेपटी हलतेय म्हणजे खूशच आहे असं नसतं.

आणि हो, काम सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन स्वतःची रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. तरीही चावलं किंवा ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, लस झालीय म्हणून घरी बसायचं नाही. प्रत्येक नव्या घरात पहिल्या दिवशी लसीकरणाचं कार्ड मागा, त्यात लाजायचं काही नाही. अजून एक, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि तुमच्या बुटांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे लस पूर्ण न झालेली पिल्लं दिवसाच्या पहिल्या सेशनला ठेवा, चपला बाहेरच काढा, हात धुवा, आणि मॅट, लीश वगैरे सामान ब्लीचच्या पाण्यानं पुसत जा.

पहिल्या भेटीचे पैसे घ्या. फुकट भेटीला लोक फुकट सल्ला घेतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. या भेटीत कुत्र्याला हात लावायच्या आधी बसून विचारा, किती महिन्याचा असताना आणला, काय खातो, कुठे झोपतो, खाली कोण नेतं, कधी कोणाला चावलाय का, आणि हा त्रास हळूहळू वाढला की अचानक सुरू झाला. अचानक सुरू झाला असेल तर आधी व्हेटकडे पाठवा, कारण कानातलं इन्फेक्शन, सांध्यांचं दुखणं, गोचीड ताप असं काहीही असू शकतं आणि दुखणाऱ्या कुत्र्याला ट्रेनिंग देत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरं सेशन कसं असतं ते सांगते. आठ महिन्यांचा लॅब, तिसरा मजला, बेल वाजली की हा दारात आणि दोन्ही पंजे येणाऱ्याच्या छातीवर. घरातले सगळे एकदम 'नो, नो, टायगर नो' असं ओरडतात, आई मागून पट्टा ओढते, आजी म्हणतात अगं राहू दे, लहान आहे तो. टायगरच्या दृष्टीनं हा सगळा मस्त दंगा आहे आणि तो उडी मारली की मिळतो. मी आत जाते आणि पाठ करून उभी राहते, काही बोलत नाही. तो दोन उड्या मारतो, गोंधळतो, आणि चारही पाय फरशीवर आले त्या क्षणी मी 'येस' म्हणते आणि वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा खाली, त्याच्या पायाशी टाकते. वर हातातून दिला तर तो परत उडी मारेल, म्हणून खाली. पाचसात वेळा झालं की तो माझ्याकडे बघत नुसता उभा राहतो. इथे नवीन ट्रेनर खूश होऊन थांबतो, पण काम आत्ता सुरू होतं. ट्रीटची वाटी आजींच्या हातात द्यायची, त्यांना दाराबाहेर पाठवायचं, बेल वाजवायला लावायची, आणि त्या आत आल्यावर काय करायचं ते त्यांच्याकडून करून घ्यायचं. मग आई, मग मुलगा. तासातली चाळीस मिनिटं लीश घरच्यांच्या हातात असली पाहिजे, कारण तुम्ही आठवड्यातून तास-दोन तास तिथे असता आणि ती माणसं रोज असतात. कुठल्या गोष्टीला कुठला शब्द वापरायचा ते कागदावर लिहून फ्रिजला लावा, रोज पाच मिनिटं तीन वेळा असा होमवर्क द्या, आणि त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा. व्हिडिओ आला नाही तर पुढचं सेशन पुढे ढकला. कडक वाटेल, पण ज्या घरात होमवर्क होत नाही तिथे शेवटी नाव ट्रेनरचंच खराब होतं.

चिकन न चालणारी घरं पुष्कळ असतात. तिथे पनीर, उकडलेलं रताळं, गाजर चालतं. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट अजिबात नाही, हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा कारण प्रसादातल्या मनुका प्रेमानं कुत्र्याला भरवणारे लोक मी बघितलेत. सामान फार लागत नाही, सहा फुटी लीश, रीकॉल (हाक मारली की परत येणं) शिकवायला तीसेक फुटी लांब दोरी, हार्नेस, कमरेला ट्रीट पाऊच, एक गुंडाळता येणारी सतरंजी. क्लिकर ('येस'च्या जागी टक् आवाज करणारी डबी) आवडत असेल तर घ्या. लोगो आणि वेबसाइट नंतर.

परत त्या दोन तुकड्यांकडे येऊ, कारण कमाई तिथेच ठरते. पहिलं म्हणजे भाग बांधून घ्या. सोमवार बुधवार शुक्रवार कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बाकीचे दिवस औंध, बाणेर. संध्याकाळी सहाला हिंजवडीचं एक सेशन घेतलं की ट्रॅफिकमध्ये दोन सेशन गेलेच म्हणून समजा. मुंबईत असाल तर एकच रेल्वे लाइन धरा आणि तिच्यावरची दोनतीन स्टेशनं. लांबचा क्लायंट नाही म्हणायला जीव होत नाही हे मला माहितीये, पण त्याला जवळच्या ट्रेनरचं नाव द्या, तोही तुम्हाला देईल.

दुसरं, सुटं सेशन विकू नका, पॅकेज करा. पिल्लासाठी आठ सेशन, दोन महिन्यांत, निम्मे पैसे आधी यूपीआयवर. रद्द करायचं असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर सेशन झालं असं धरणार. हे व्हॉट्सॲपवर लिहूनच पाठवा, तोंडी बोलण्यावर नंतर कुरबुरी होतात. गॅरंटी मात्र कोणी कितीही मागितली तरी देऊ नका.

तिसरं, रविवारी सकाळी ग्रुप क्लास. सोसायटीच्या मोकळ्या जागेत सहा कुत्री, प्रत्येकी ३५० रुपये, म्हणजे एका तासाचे २१०० आणि मालकांना स्वस्त पडतं. जागेसाठी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि साफसफाई तुमच्याकडे घ्या. दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणारं कुत्रं ग्रुपमध्ये घ्यायचं नाही, त्याचं काम घरी. पिल्लांच्या क्लासची तर फार गरज आहे, कारण तीन ते बारा-चौदा आठवडे हा काळ माणसं, आवाज, इतर कुत्री यांची ओळख व्हायचा असतो आणि आपल्याकडे तो घरात कोंडून निघून जातो. पहिली लस होऊन किमान आठवडा झाला असेल तर स्वच्छ जागेत क्लासला आणता येतं, पण व्हेटशी बोलूनच.

चौथं, रिकामी दुपार ऑनलाइनसाठी वापरा. पॉटी ट्रेनिंग, पिल्लाचं चावणं, एकटं ठेवलं की रडणं, हे व्हिडिओ कॉलवर छान शिकवता येतं. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, अगदी परदेशातली मराठी घरंही येतात. आणि मराठीतून सांगणं हे तुमचं मोठं बळ आहे, कारण कुत्रं दिवसभर सांभाळतात आजी-आजोबा आणि कामाच्या मावशी, आणि यूट्यूबवर बहुतेक सगळं इंग्रजीत.

एक काम मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं वाटतं. 'महिनाभर तुमच्याकडे ठेवा आणि शिकवून द्या.' पैसे मोठे दिसतात. पण कुत्रं तुमच्याकडे, तुमच्या जागेत शिकतं, घरी गेलं की पुन्हा तीच बेल, तीच माणसं. शिवाय मालकाला मध्ये काय झालं ते दिसत नाही, आणि तिथेच मारहाण लपते.

कामं येतात मुख्यतः व्हेटकडून. कमिशन देऊ करू नका. त्याऐवजी त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल चार ओळींचा मेसेज पाठवा, काय बघितलं, काय करतोय, औषध लागेल अशी शंका कुठे वाटते. कागदपत्रं थोडीच आहेत, शॉप ॲक्टची ऑनलाइन नोंद, उद्यम नोंदणी जी फुकट होते, आणि जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर. क्लायंटकडून एक सही मात्र घ्या, त्यात चावल्याचा इतिहास खरा लिहिलाय आणि सार्वजनिक जागी कुत्रं लीशवरच राहील असं असावं, कारण आपल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर असतं, आणि सेशनमध्ये काही वेळ लीश तुमच्या हातात असते.

वर्षाचा अंदाजही बांधून ठेवा. मुलांच्या सुट्ट्या लागल्या की घरोघरी पिल्लं येतात आणि पॉटीचे फोन सुरू होतात. पावसाळ्यात चालणं कमी होतं आणि चपला, सोफे फाडले जातात, तेव्हा घरात वास शोधायचे खेळ शिकवा. फटाक्यांचे फोन दिवाळीच्या आठवड्यात येतात आणि तेव्हा फार काही हातात नसतं. म्हणून गणपतीतच जुन्या क्लायंटना मेसेज टाका, फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून सोबत खाऊ द्यायचा, आवाज दर काही दिवसांनी थोडासा वाढवायचा, कुत्रं खायचं थांबलं तर लगेच कमी करायचा. गेल्या दिवाळीत जे कुत्रं थरथरत पलंगाखाली जाऊन बसलं होतं त्याच्या मालकाला औषधाबद्दल व्हेटशी सप्टेंबरमध्येच बोलायला सांगा.