ऊसतोड मजुरांची बातमी द्यायची कशी

ऊसतोड मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत प्रसिद्धीचं काम अंगावर आलं की पहिला मोह होतो तो कात्रणांची फाइल जाड करण्याचा. तो आवरावा. मजुरानं टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीच आगाऊ रक्कम, घेतलेली असते. बातमीनं मुकादम बिथरला, तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मजुराला त्याच्याच हाताखाली दिवस काढायचे असतात आणि पुढच्या हंगामात टोळीत जागा मिळेल याची खात्री नसते. म्हणून पत्रक लिहायच्या आधी ठरवा: उद्या हे छापून आलं, तर या मजुराच्या कोपीत (झोपडीत) संध्याकाळी काय होईल?

नाव बदललं की ओळख लपली, असं मानू नका. एका गावातून एका मुकादमासोबत एका कारखान्यावर गेलेली माणसं मोजकीच असतात. गाव, मुकादम आणि कारखाना या तिन्हींपैकी जास्तीत जास्त एक गोष्ट लिहा. फोटोत ट्रॅक्टरची नंबरप्लेट, गाडीवर रंगवलेलं नाव, मागे दिसणारी कारखान्याची चिमणी तपासा. फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. लहान मुलांचा चेहरा नकोच. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड केली, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वार्ताहराला हे माहीत असेलच असं नाही. पत्रकाच्या तळाशी एक ओळ टाकून ठेवा.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्यातून डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हा फायदाच. पण काही बातम्यांत गावांची नावंही छापली गेली, आणि गावाचं नाव छापलं की तिथल्या प्रत्येक बाईकडे लोक त्याच नजरेनं पाहतात. अशा विषयात तालुक्याच्या खाली उतरू नका.

संमती घेताना सही किंवा अंगठा पुरत नाही. जुनं कात्रण हातात द्या, ‘तुमचं असं छापून येईल, ते कारखान्यावरही वाचतील’ असं सांगा. बाईशी नवऱ्यासमोर बोलू नका, नवऱ्याशी मुकादमासमोर बोलू नका. बंजारा किंवा पावरा कुटुंब असेल तर त्यांच्या बोलीत बोलणारं माणूस सोबत न्या. होकार फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी नकार आला, तर मजकूर थांबवायचा. कारण विचारत बसायचं नाही.

आकडे हमखास चुकतात ते कोयत्यामुळे. एक कोयता म्हणजे साधारण नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. तुम्ही ‘१४० कोयते’ लिहिलंत तर शहरातला उपसंपादक ‘१४० मजूर’ छापतो आणि संख्या निम्मी होते. बहुतेक वेळा गळते ती बाईच. म्हणून ‘१४० कोयते, म्हणजे सुमारे २८० मजूर’ असंच लिहा. सोबतची मुलं वेगळी मोजा आणि पाहणी कोणत्या महिन्यात केली तेही लिहा. दिवाळीत आणि फेब्रुवारीत आकडा एक राहत नाही.

पत्रक एकच लिहून सगळीकडे पाठवलं की वाया जातं. वर्तमानपत्रांच्या आवृत्त्या जिल्हावार असतात. कोल्हापुरात छापलेलं बीडला दिसत नाही. मजूर जिथून निघतात त्या बीडसाठी बातमी ऑक्टोबरआधी हवी: गावी राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं का, आजी-आजोबांकडे मुलं ठेवता येतील का, यावर. ते जिथं तोडीला जातात त्या कोल्हापूर-सांगलीसाठी ती नोव्हेंबरनंतर: उसाच्या फडाजवळच्या शाळेत मुलांना दाखल करणं, कोपीला पाणी, रेशन. इथं गावकऱ्यांना दोष देणारा सूर लावलात तर शाळेचं दार तुमच्यासाठीच बंद होतं. सरपंचानं टँकर दिला असेल तर ते आवर्जून लिहा.

मजकूर अडीचशे शब्दांत, युनिकोडमध्ये टाइप केलेला, दुपारी चारच्या आत. लेटरहेडचा फोटो पाठवला तर तालुका वार्ताहराला तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तो करत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत फुटतो. आरोप असेल तर कारखान्याची बाजू आधी लेखी मागा, २४ तास द्या, उत्तर आलं नाही तर तसं लिहा. वाहिनीची गाडी न सांगता फडावर आली, तर मजुरांना पुढं करू नका; संस्थेचा एकच माणूस बोलेल आणि तीनच वाक्यं बोलेल.

मजुरांपर्यंत त्यांना लागणारी माहिती पोचवणं हेही याच कामात येतं, आणि ते बातम्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दिवसा फडात कोणी ऐकत नाही. रात्री जेवणं झाल्यावर ध्वनिसंदेश पाठवा, पाऊण मिनिटाचा. आधी कोण बोलतंय, मग काय मिळेल, शेवटी नंबर दोनदा, सावकाश. तो मुकादमाच्या फोनवर पाठवू नका. हंगामात सिम बदलतात आणि रिचार्ज संपतो, म्हणून १०८ रुग्णवाहिकेसाठी आणि १०९८ मुलांसाठी असं मोठ्या अक्षरात छापलेलं कार्ड गाडी सुटायच्या आधी गावातच वाटा.

बातमी छापून आल्यावर दोन दिवसांत त्या कुटुंबाला फोन करा. काही चुकीचं छापलं असेल तर संपादकाला दुरुस्ती लेखी मागा, पण दुरुस्तीत ती ओळख पुन्हा छापली जाणार नाही याची आधी खात्री करून घ्या.