गूढ प्रेमकथा कशी लिहावी: भूत, रहस्य आणि प्रेम एकाच गाठीत

गूढ प्रेमकथा हातात घेतलेला वाचक दोन प्रश्नांमागे धावत असतो. या घरात नेमकं काय आहे? आणि या माणसावर विश्वास ठेवायचा का? हे प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी गेले की कादंबरी दुभंगते. एक प्रकरण भुताचं, एक प्रेमाचं असं सुरू होतं आणि वाचक आपल्या आवडीची पानं वाचून बाकीची चाळतो. पहिल्याचं उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याचं मिळूच नये अशी बांधणी जमली, तर तोच वाचक पहाटेपर्यंत दिवा मालवत नाही. ही बांधणी कशी करायची ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. आकडे ६०,००० शब्दांच्या, तीस प्रकरणांच्या कादंबरीसाठी आहेत. दीर्घकथा लिहीत असाल तर त्याच प्रमाणात कमी करा.

भीती आणि ओढ एकाच प्रसंगात

१९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पूल सुमारे सत्तर मीटर उंच, पाय ठेवला की हलणारा. पुलावरून येणाऱ्या पुरुषांना एक तरुणी प्रश्नावली भरायला द्यायची आणि नंतर काही विचारायचं असेल तर म्हणून फोन नंबर द्यायची. या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. जवळच्या भक्कम, कमी उंचीच्या पुलावर नंबर घेतलेल्या १६ पैकी फक्त दोघांनी. छातीतली धडधड भीतीची की समोरच्या व्यक्तीची, याची माणूस सहज गल्लत करतो, असा त्यांनी अर्थ लावला.

लेखकाला यातून थेट कामाची गोष्ट मिळते. घाबरवणारा क्षण आणि जवळिकीचा क्षण एकाच प्रकरणात ठेवा, शक्यतो पाचशे शब्दांच्या आत. मध्ये प्रकरण संपलं, रात्र सरली, सकाळी दोघं चहाला बसली, की धडधड ओसरलेली असते आणि जवळीक कोरडी वाटते. मात्र प्रत्येक किंकाळीनंतर मिठी आली तर चौथ्या वेळी वाचक मिठीची वाटच पाहत बसतो, घाबरत नाही. संपूर्ण कादंबरीत अशा चार-पाच जागा पुरेत. त्यातल्या निदान दोन जागी जवळ आल्यामुळेच संशय वाढू द्या.

आधी गुपित, मग भूत

बहुतेक जण सुरुवात भुतापासून करतात आणि तिथेच फसतात. भूत सुचलं की त्याला साजेशा भीतीच्या जागा सुचत जातात, पण वीस हजार शब्दांवर कळतं की हे सगळं कशासाठी चाललंय याचं उत्तर आपल्याकडे नाही. म्हणून आधी एक गुपित ठरवा आणि ते तीन वाक्यांत लिहा. कोण मेलं आणि कसं? जिवंतांपैकी कोणी काय लपवलं? ते उघड झालं तर या दोघांचं नातं का तुटेल? तिसरं वाक्य लिहिता आलं नाही तर ते गुपित या प्रकारच्या कादंबरीसाठी निरुपयोगी आहे, कितीही चमत्कारिक असलं तरी.

एक उदाहरण पुढे सगळीकडे वापरू. तीन वर्षं कुलूपबंद असलेल्या घरातली पुस्तकं आणि कागदपत्रं लावायला एक तरुणी येते. दार उघडताच तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. ते आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ आहे, म्हणजे गेल्या आठ दिवसांत त्याला कोणीतरी चावी दिली आहे. ती चावी फिरवून पाहते तर दोन फेऱ्यांतच अडते; पूर्ण उतरलेल्या घड्याळाला कितीतरी जास्त फेरे लागले असते. म्हणजे चावी देणारा अगदी अलीकडे येऊन गेलाय. घराचा वारस सांगतो, "मी इथे तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही."

आता गुपिताची तीन वाक्यं. त्याची थोरली बहीण या घराच्या जिन्यावरून ढकलली गेली, रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी. वडिलांना वाचवण्यासाठी त्याने साक्ष दिली की घड्याळात साडेनऊचा टोल पडला तेव्हा ती पडली, कारण साडेनऊला वडील चारचौघांत होते. आणि तेव्हापासून तो दर आठवड्याला चोरून येऊन चावी देतो, कारण घड्याळ थांबलं की बहीण पुन्हा जिना उतरू लागते. ज्याने एकदा वेळेबद्दल खोटं सांगितलं त्याच्यावर ती विश्वास कसा ठेवणार? भूत, पुरावा आणि प्रेम, तिन्ही त्या एका घड्याळात आले.

भुताला नियम हवेतच

इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसराच नियम अमानवी शक्तींना पूर्ण मज्जाव करणारा होता. कारण रास्त आहे: भूत काहीही करू शकत असेल तर वाचकाने तर्क लढवायचा कशावर? गूढ प्रेमकथेत हा नियम आपण मोडतो, पण त्यामागची अट पाळावीच लागते. अमानवी शक्तीला मर्यादा घाला आणि त्या वाचकाला वेळेवर दाखवा.

नियम तीनच पुरे: ते कधी येतं, काय करू शकत नाही, आणि त्याला पाहणाऱ्याला काय भोगावं लागतं. आपल्या उदाहरणात बहीण घड्याळ थांबल्यावरच येते. ती जिना सोडून कुठे जात नाही आणि बोलत नाही. तिला शेवटच्या पायरीपर्यंत पाहणाऱ्याचा डावा हात सकाळपर्यंत बधिर राहतो. हे तिन्ही नियम दहाव्या प्रकरणापर्यंत प्रसंगांतून दिसले पाहिजेत, कोणी म्हातारा बसून समजावून सांगतोय असं नको. शेवटच्या पाच प्रकरणांत नवा नियम आणला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भुताने खुन्याचं नाव सांगणं. तिथे तपास संपतो. मृताला मरतानाच्या क्षणापर्यंतचंच माहीत असू द्या. पाठीमागून ढकललेल्या माणसाला ढकलणारा दिसलेलाच नसतो. आपली बहीण नाव देत नाही, वेळ देते. ती अकरा-दहाला उतरते, कागदोपत्री मृत्यू साडेनऊचा. ही तफावत लक्षात येते तिथे भुताचं दिसणं हाच पुरावा होतो, आणि तो वाचकाच्याही डोळ्यांसमोर पहिल्यापासून असतो.

प्रत्येक घटनेला दोन खुलासे

त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुत साहित्याविषयी मांडलेला मुद्दा इथे कामी येतो: हे खरंच अमानवी आहे की याला साधं कारण आहे, हा निर्णय लांबतो तोवरच त्या प्रकारची जादू टिकते. म्हणून पंधराव्या प्रकरणापर्यंत प्रत्येक विचित्र घटनेला दोन्ही खुलासे लागू पडले पाहिजेत.

साध्या खुलाशांसाठी खरी सामग्री भरपूर आहे. कानाला ऐकू न येणारा, साधारण १९ हर्ट्झचा ध्वनी एखाद्या पंख्यातून निघत असेल तर अस्वस्थता येते, नजरेच्या कडेला करडी आकृती भासते, असं इंग्लंडमधल्या विक टँडी या अभियंत्याने १९९८ मध्ये एका प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून मांडलं होतं. बिघडलेल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साचला तर डोकं दुखतं, गोंधळ उडतो, भास होऊ शकतात. झोपेतून जाग येताना शरीर क्षणभर हलेनासं होतं आणि खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. यातलं एकच निवडा आणि पुढे ते तपासून बाद करा. तिने शेगडी बंद केली, खिडक्या उघड्या टाकल्या, तरी जिना वाजलाच. अशा जागी वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण त्याचा आधार तुम्ही त्याच्यासमोर काढून घेतलेला असतो.

वहीत चार रकाने आखा: काय घडलं, साधा खुलासा, गूढ खुलासा, आणि या घटनेने दोघांच्या नात्यात काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग कापा. मन घट्ट करून कापा. बहुतेकदा तोच तुमचा सगळ्यात आवडता प्रसंग असतो.

दुवे लपवायचे कुठे

प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षासाठी निदान तीन दुवे पेरा, कारण एक वाचकाच्या नजरेतून सुटतो आणि एकाचा तो चुकीचा अर्थ लावतो. दोन दुव्यांमध्ये दोन-तीन प्रकरणांचं अंतर ठेवा. लपवायची उत्तम जागा म्हणजे भावनेने भरलेला क्षण, आणि या प्रकारात असे क्षण आयतेच हाताशी असतात. हे पाहा:

बोटाला काच लागली तेव्हा तो धावत आला. तिचा हात आपल्या तळव्यावर घेऊन त्याने रुमाल गुंडाळला. गाठ मारताना त्याचं मनगट तिच्या नाकाजवळ आलं. साबणाचा वास, आणि त्याखाली कसल्याशा पातळ तेलाचा. "फार दुखतंय?" त्याने इतकं हळू विचारलं की ती उत्तर द्यायचं विसरली.

तेल एका अर्ध्या वाक्यात येऊन गेलं आणि लगेच त्याचा आवाज आला. वाचक आवाजाबरोबर गेला. पाच प्रकरणांनंतर ती घड्याळाचं दार उघडते, तोच वास येतो, आणि त्या हळव्या क्षणाचा अर्थच फिरतो. इथे तेलाचं वर्णन तीन वाक्यं केलं असतं, किंवा "तो वास कुठेतरी ओळखीचा वाटला" असं लिहिलं असतं, तर दुवा उघडा पडला असता.

प्रेमाची बाजू

दोघांची भेट दुसऱ्या प्रकरणापर्यंत व्हायला हवी. पहिला खरा मोकळेपणा आठव्याच्या आसपास, सगळ्यात जवळचा क्षण मधोमध, आणि त्याच्याच पाठोपाठ त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भारी पुरावा. ताटातूट तेविसाव्या-चोविसाव्यात.

ताटातूट गैरसमजावर उभी करू नका. दोन मिनिटं बोलून सुटणारा गुंता शंभर पानं ताणला की वाचक दोघांवरही चिडतो. बोलण्याची किंमत मोठी हवी: आपल्या उदाहरणात तो बोलला तर वडील तुरुंगात जातील. आणि कबुली त्याने आपणहून द्यावी, तिने सगळं शोधून काढण्याच्या एक पाऊल आधी. पकडला गेल्यावर दिलेल्या कबुलीने रहस्य सुटतं, विश्वास परत येत नाही.

नायक अमानवी असेल, मनातलं वाचणारा किंवा शतकानुशतकं जगलेला, तर आणखी जपा. तो तिच्या नकळत तिच्या खोलीत उभा राहतो, तिच्या भल्यासाठी तिच्यावतीने निर्णय घेतो, हे रोमांचक म्हणून लिहिलं जातं आणि आज अनेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. धोका परिस्थितीत ठेवा. तो किती सामर्थ्यवान आहे हे दाखवायचं असेल, तर सामर्थ्य असूनही तो विचारून थांबतो तो क्षण लिहा. तो क्षण ओढही जास्त लावतो.

भीतीचे प्रसंग लिहिताना

ॲन रॅडक्लिफ या इंग्रजी लेखिकेने भयाचे दोन प्रकार सांगितले. तिचा तो लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. एक भय अस्पष्टतेतून येतं आणि मन जागं करतं, दुसरं उघड्यावाघड्या दर्शनाने मन गोठवतं. आपल्याला पहिलं हवं. गोठलेलं मन प्रेमाकडे वळत नाही.

त्यामुळे आधी आवाज, मग गारवा किंवा स्पर्श, दिसणं शेवटी. पूर्ण आकृती संपूर्ण कादंबरीत तीनदाच दाखवा, पहिल्यांदा तर दोन-तीन वाक्यांतच. भयाण, भीषण, अंगावर शहारा आणणारं, ही विशेषणं पहिल्या मसुद्यातून शोधून काढून टाका. त्यांच्या जागी रोजची एखादी वस्तू भलत्या ठिकाणी ठेवा: कोरड्या जिन्यावर फक्त खालच्या पायरीवर ओल.

शेवट

उत्तरांचा क्रम असा लावा: आधी गुन्हेगार, मग भुताची सुटका, शेवटी ती दोघं. प्रेम आधी जुळलं की उरलेला तपास जड होतो. तिन्ही उत्तरं अठ्ठावीस ते तीस या प्रकरणांत द्या. सगळं तिच्या मनाचे खेळ होते, असा शेवट करू नका. वाचकाने मनापासून सोसलेली भीती त्याने खोटी ठरते. एखादी छोटी गोष्ट न उलगडलेली राहिली तर चालते, मात्र तिच्यावर गुन्ह्याचा किंवा नात्याचा निकाल अवलंबून नसावा.

मसुदा झाल्यावर तो तीन जणांना पंधराव्या प्रकरणापर्यंतच वाचायला द्या आणि प्रत्येकाला दोन ओळी लिहायला सांगा: तुमचा संशय कोणावर आहे, आणि त्या दोघांनी एकत्र यावं असं वाटतं का? तिघांनीही खरा गुन्हेगार ओळखला असेल तर दुवे विरळ करा. नायकावर कोणाचाच संशय नसेल तर नवव्या ते चौदाव्या प्रकरणांत तेलाच्या वासासारखे आणखी दोन प्रसंग घाला. आणि संशय असूनही त्यांनी एकत्र यावं असं दोघांनी लिहिलं असेल, तर पहिल्या अर्ध्या भागाला हात लावू नका, सोळाव्या प्रकरणापासून पुनर्लेखन सुरू करा.