मायक्रोबिट शिकताना या चुका टाळा

इंदूरमध्ये सुट्टीतल्या वर्गात मुलांना मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्रामिंग शिकण्याचा छोटा संगणक-बोर्ड, शिकवताना माझा सर्वाधिक वेळ प्रोग्रामचे ब्लॉक (पडद्यावर जोडायचे आज्ञांचे ठोकळे) चुकल्यामुळे नव्हे, तर केबलमुळे वाया गेला आहे. गेल्या मे महिन्यात सहावीतला एक मुलगा आणि मी, दोघेही त्याच्या ब्लॉकांची पाऊण तास उलटतपासणी करीत बसलो होतो. बोर्डावरचा दिवा लागत होता, पण संगणकावर बोर्डाची ड्राइव्ह काही केल्या दिसेना, आणि तोवर त्या उतावळ्याने सगळी मांडणी दोनदा पुसून पुन्हा रचली होती. केबल जेल रोडवरून आणलेली, केवळ चार्जिंगची निघाली. तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. तेव्हापासून खात्रीच्या केबलींना मी लाल चिकटपट्टी लावतो आणि बिनपट्टीची केबल बाजूला ठेवायला सांगतो. "काका, हिच्याने मोबाइल तर चार्ज होतो," हा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही.

ड्राइव्हचे नाव 'मेंटेनन्स' असे दिसले, तर केबल जोडताना रीसेटचे बटण दाबले गेले आहे; बटणाला हात न लावता ती पुन्हा जोडावी.

दुसरी चूक गुण मोजण्याच्या खेळात हमखास होते. 'गुण शून्य करा' हा ब्लॉक मुले सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या 'ऑन स्टार्ट'ऐवजी सतत चालणाऱ्या 'फॉरेव्हर'मध्ये ठेवतात, त्यामुळे 'ए' बटण दाबल्यावर २५ एलईडींच्या पडद्यावर क्वचित एक उमटतो आणि लगेच पुन्हा शून्य येते. मुले बटण बिघडले असे समजून ते जोरजोराने दाबत राहतात. अशा वेळी मी माउस काढून घेतो आणि कोणता ब्लॉक एकदाच चालतो व कोणता सतत, हे बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावतो. तयार प्रकल्प जसाच्या तसा उतरवून घेणारी मुले इथेच अडतात, कारण तो ब्लॉक तिथे का आहे हे त्यांनी कधी विचारलेलेच नसते.

दोन बोर्ड रेडिओवरून, म्हणजे बिनतारी, एकमेकांशी बोलत नसतील, तर दोन्हींच्या 'ऑन स्टार्ट'मध्ये ० ते २५५ पैकी एकच गट क्रमांक द्यावा. तो न दिल्यास मेककोड (ज्यात ब्लॉक रचतो तो संपादक) आपणच क्रमांक ठरवते आणि प्रोग्राम वेगळे असल्यास तो सहसा जुळत नाही.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडू नये; दोन ट्रिपल-ए सेलांचे ३ व्होल्ट पुरतात.