श्वासाचे नमुने घ्यायला बसण्यापूर्वी

ब्लँक, म्हणजे श्वासाशिवाय घेतलेला कोरा नमुना. मागच्या खेपेला हेच राहिलं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे (फुप्फुसातल्या ऑक्सिडेटिव्ह ताणाची खूण) सगळे आकडे टाकून द्यावे लागले, म्हणून सुरुवात इथूनच. श्वास गार करून जमवलेल्या कंडेन्सेटमध्ये 99 टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं. निरोगी माणसाचं पेरॉक्साइड त्यात मायक्रोमोलरच्या (लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) आतबाहेर. इतक्या बारीक आकड्याला नळीत उरलेला अंशही भारी पडतो. आणि नळ्या निर्जंतुक कशाने होतात? बरेचदा पेरॉक्साइडनेच! तेव्हा रोज, पहिला माणूस बसवण्याआधी, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी त्याच नळीतून, श्वास गार करणाऱ्या त्याच कंडेन्सरमधून फिरवून वेगळ्या शीशीत घ्या. खोलीच्या हवेचाही एक ब्लँक, छोट्या पंपाने ओढून. दोन्हींवर तारीख.

माणसांना आदल्या रात्री फोन करा. नुसतं ‘उपाशी या’ म्हणून इंदुरात भागत नाही. पोहे-जलेबीला इथे कोणी खाणं समजत नाही. पोहे नाही, चहा नाही, कॉफी तर नाहीच (कॉफीत स्वतःचंच पेरॉक्साइड असतं), सिगारेट नाही, सकाळची धावपळ नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. रात्री सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) किती वाजेपर्यंत होता तेही विचारून लिहून ठेवा. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि तिच्या आसपासचे दिवस सोडून द्या. राजवाड्यापाशी गुलालात न्हाऊन आलेल्या फुप्फुसांवरून तुम्ही काय ठरवणार?

नायट्रिक ऑक्साइडही मोजणार असाल तर ते स्पायरोमेट्रीच्या आधी, 50 मिलिलिटर प्रति सेकंद या वेगाने श्वास सोडायला लावून. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे जोरात फुंकर मारण्याच्या चाचणीनंतर तो आकडा खाली येतो. आदल्या दिवशीची पालकभाजी नोंदवा, नायट्रेटने आकडा वर जातो.

नोज क्लिप, टिश्यू, मार्कर: सांगायला नको. लाळेचा सापळा मात्र नळीला बसवलाय का ते स्वतः बघा, दुसऱ्याच्या ‘हो’वर जाऊ नका. दहा मिनिटं संथ श्वास, मधेमधे तोंड काढून थुंकी गिळायची; एक-दोन मिलिलिटर मिळतं. लाळ मिसळल्याची शंका आली तर अमायलेज (लाळेतलं एन्झाइम) तपासा.

आणि ब्लँक घेतला का? नसेल तर आत्ता घ्या, माणूस बाहेर बसू दे.

नमुना जमला की लगेच लहान शीश्यांत वाटा. एकच शीशी पुन्हा पुन्हा वितळवणं बंद. 8-आयसोप्रोस्टेन आणि एमडीए (दोन्ही चरबीच्या ऑक्सिडेशनच्या खुणा) यांच्या शीश्यांत बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) आधीच घालून ठेवा, नाहीतर ऑक्सिडेशन शीशीतच चालू राहतं. पीएच (आम्लता) मोजायचा भाग गोठवायचा नाही. त्यात आर्गॉन वायू सोडून कार्बन डायऑक्साइड काढा आणि त्याच दिवशी मोजा. बाकी सगळं उणे 80 अंशांत, ताबडतोब. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ‘जरा चहा घेऊन ठेवू’ चालत नाही. ड्राय आइस आधी सांगून ठेवा. झाकणं घट्ट लावा, कारण ड्राय आइस म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, तो आत शिरला की नमुना आंबट.

ब्लँकची शीशीही त्याच डब्यात, त्याच फ्रीझरमध्ये, तपासणीच्या त्याच प्लेटवर. वेगळी ठेवलीत तर घेतली नाही असंच धरा.

पुढचं एलायझा (अँटिबॉडी वापरून मोजण्याची चाचणी) किटच्या कागदावर आहे. संमतीपत्रं, नावाऐवजी कोड, फ्रीझरला बॅकअप, झालं.