वजनाच्या रकान्यात ८१५

क्रॅश सिम्युलेशनच्या, म्हणजे अपघातात वैमानिकाच्या शरीराचं काय होईल ते संगणकावर तपासण्याच्या कामाला लागलो तेव्हा शरीराच्या मोजमापांचा तक्ता म्हणजे शिंप्याची वही, असं वाटायचं. अमेरिकी लष्कराची २०१२ची ॲन्सूर-२ ही सैनिकांच्या शरीराची मोजणी सगळ्यांना खुली आहे: ४,०८२ पुरुष, १,९८६ स्त्रिया, प्रत्येकाची ९३ मापं. फाइल डाउनलोड केली आणि थेट संगणकातल्या पायलटच्या मॉडेलला जोडली. माझा पायलट सीट फोडून खाली गेला! वजनाच्या रकान्याचं नाव किलोचं, आकडे मात्र दहापट, ८१.५ किलोचा माणूस तिथे ८१५ दिसतो. मी दोन दिवस बेल्टमध्ये चूक शोधत बसलो होतो. फाइल उघडली की आधी प्रत्येक रकान्याचं किमान-कमाल काढा.

पुढची चूक याहून महागात पडली. 'मोठा पायलट' हवा म्हणून सगळीच मापं ९५व्या पर्सेंटाइलची, म्हणजे शंभरातल्या ९५ जणांपेक्षा मोठी घेतली. असा माणूस सापडणं मुश्कील. अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली, तर दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही निघाला नाही. कुणाचे पाय लांब नि धड आखूड, कुणाचं उलट. त्यामुळे आता मी तक्त्यातल्या एका खऱ्या माणसाची अख्खी ओळच उचलतो.

धड-पायांचा हा हिशेब जिवाशी येतो. भारतीय हवाई दलात वैमानिकाची बसलेली उंची (आसनापासून डोक्याच्या टोकापर्यंत) ८१.५ ते ९६ सें.मी. लागते आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सें.मी. चालते. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट वर सुटते तेव्हा लांब मांडीवाल्याचे गुडघे समोरच्या पॅनेलला घासू शकतात. बसलेल्या उंचीवर डोकं आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) यांतलं अंतर ठरतं.

बसलेल्या उंचीचं माप एकदा स्वतः घेऊन बघा. "ताठ बसा" म्हटलं की समोरचा ताणून बसतो, आणि श्वास सोडला की खचतो. आम्ही दोघांनी एकाच सहकाऱ्याला मोजलं, फरक दीड सेंटिमीटर. कॉकपिटमध्ये तर तो वाकूनच बसणार, आणि वाकलेल्या पाठीवर सीटचा दणका बसला की मणका चेपण्याचा धोका वाढतो.

फितीने मांडीचा घेर कळतो, वजन नाही. मॉडेलला तर प्रत्येक अवयवाचं वजन लागतं. अजूनही वापरात असलेली अशी काही प्रमाणं डेम्प्स्टर या संशोधकाने १९५५ साली आठ वयस्क पुरुषांच्या मृतदेहांवरून काढलेली आहेत. माझ्या पंचविशीतल्या पायलटची मांडी तिथूनच आलेली आहे.