गीझर स्लो होता पण कॉइल चांगली होती

आमचा गीझर २००० वॉटचा, पाणी तापायला जास्तच वेळ लागायचा आणि चालू केला की बल्ब जरा मंद व्हायचे, इलेक्ट्रिशियन म्हणाला कॉइल गेली, बदला. मी म्हटलं आधी मोजून बघू. गीझर चालू असताना सॉकेटला व्होल्टेज २१६, क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) करंट ८.२ अँपिअर. २१६ भागिले ८.२ म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण २६.३ ओहम. २३० व्होल्टला २००० वॉट हवे तर २३० चा वर्ग भागिले २००० = २६.४५ ओहम हवा, दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे कॉइल एकदम ठणठणीत! पॉवर मात्र २१६ × ८.२ = १७७१ वॉट.

मग गीझर चालू ठेवूनच घराच्या लाइट मीटरपाशी व्होल्टेज मोजलं, तिथे २२८. मधे १२ व्होल्ट गायब. १२ × ८.२ म्हणजे जवळजवळ ९८ वॉट वायरमध्येच जळत होते, हे बघून खरंच पोटात गोळा आला. मेन बंद करून वायरची पट्टी उघडली तर जुनी, बारीक १ स्क्वेअर एमएमची वायर आणि मधला जॉइंट काळा पडलेला. इलेक्ट्रिशियनकडूनच २.५ ची नवी तांब्याची वायर ओढून घेतली, मधे कुठेही जॉइंट नाही. आता सॉकेटला २२६ व्होल्ट, ८.५ अँपिअर, म्हणजे १९२१ वॉट.

व्होल्टेज लोड चालू असतानाच मोजा, गीझर बंद असेल तर व्होल्टेजची ही घट दिसतच नाही.